फोंड्याकडे पावसाचं पाणी अंगणातच जिरवून देणारी टीम : एक पावसाळा आणि एक उन्हाळा बघून लिहिलेला रिव्ह्यू

पाचपैकी चार स्टार. एक का कापला ते खाली लिहिलंय, पण आधीच सांगते, काम चांगलं आहे, आणि गोव्यात तुमचं स्वतःचं घर असेल, पुढेमागे थोडी मोकळी जागा असेल आणि दर पावसाळ्यात अंगणातून लाल पाण्याचा लोंढा गेटाखालून रस्त्यावर जात असेल तर यांना बोलवाच. नाव इथे टाकत नाही कारण त्यांची कंपनी, बोर्ड, ऑफिस असं काही नाही, एक सिव्हिल शिकलेला मुलगा, एक झाडांचं बघणारी ताई आणि गावातलेच गवंडी, एवढंच आहे आणि नंबर त्यांचा घरचाच आहे. हवा असेल त्यांनी इनबॉक्समध्ये विचारा.

ते करतात काय, तर छपराचं नि अंगणाचं पाणी पाइपातून सरळ गटारात सोडायच्या ऐवजी ते कंपाउंडच्या आतच थोडा वेळ थांबेल आणि मुरेल अशी सोय करतात. त्यात रेन गार्डन येतं, पाणी मुरू देणारी गाडीची वाट येते, सिमेंटच्या गटाराच्या जागी गवताची उथळ चारी येते, आणि जागाच नसेल तर शोषखड्डा. रेन गार्डन म्हटलं की लोकांना काहीतरी फॅन्सी वाटतं, पण आपल्याकडे माडाभोवती आळं करतात ना, तसंच एक मोठं, मुद्दाम पाण्याच्या वाटेवर केलेलं आणि आत माती बदललेलं आळं समजा.

आमचं घर उतारावर आहे, वर रस्ता, खाली वाडा, म्हणजे वस्ती. घर बांधतानाच पुढचं सगळं अंगण काँक्रीट केलेलं, त्यामुळे कौलांच्या पागोळ्या, वरच्या रस्त्याचं पाणी, सगळं एकत्र येऊन गेटातून बाहेर, तिथून खालच्या घरांच्या परसात. गोव्यात वर्षाला साधारण ३००० मिमी पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. १ चौरस मीटरवर १ मिमी म्हणजे १ लिटर, म्हणजे १०० चौरस मीटरच्या छपरावर पावसाळ्यात जवळजवळ ३ लाख लिटर पाणी पडतं, आणि तेच घर एप्रिल-मे महिन्यात टँकरची वाट बघतं. हे गणित एकदा डोक्यात बसलं की नळाखालची बादली बघून त्रास होतो.

आता टीमची सगळ्यात चांगली गोष्ट. मी बाकी दोघा-तिघांकडून पण कोटेशन घेतलेलं, ते सगळे फोटो मागवून आकडा सांगत होते. हे लोक म्हणाले पाऊस पडत असतानाच येऊ, आणि खरंच भर पावसात छत्री घेऊन आले. गवंडी मामा कोकणीतच म्हणाले, "उदक खंय वता तें पयलीं पळोवंया", म्हणजे पाणी कुठे जातं ते आधी बघूया. सगळं कंपाउंड फिरले, पाणी कुठून शिरतं, कुठे वळतं, कुठे माती खरवडून नेतं ते बघितलं, खडूने भिंतीवर खुणा केल्या, खाली शेजाऱ्यांकडे जाऊन त्यांच्या बाजूने पण बघितलं. त्या एका फेरीत वरच्या रस्त्याचं पाणी कुठल्या फटीतून आत येतं ते सापडलं, आम्हाला इतकी वर्षं वाटायचं सगळं छपराचंच आहे.

मग पाऊस उघडल्यावर मुरण्याची टेस्ट. फूटभर खोल नि फूटभर रुंद खड्डा काढायचा, पाण्याने भरायचा, एकदा सगळं जिरू द्यायचं म्हणजे माती ओली होते, आणि मग परत भरून पट्टी लावून तासाला किती इंच उतरतं ते बघायचं. हे कुणीही घरी करू शकतं, खर्च शून्य. आमच्याकडे पुढच्या बाजूला तासाला २ इंच पाणी उतरलं आणि मागे विहिरीच्या पलीकडे जवळजवळ उतरलंच नाही, कारण तिथे फूटभर खणल्यावरच शेड लागली, ती पांढरट चिकण माती. जांभ्याच्या खाली बहुतेक ठिकाणी ही शेड असते, जांभा सच्छिद्र, त्यातून पाणी पटकन खाली जातं पण शेडेवर येऊन अडतं आणि मग आडवं सरकत उताराच्या पोटातून झरा किंवा व्हाळ, म्हणजे ओढा, होऊन बाहेर पडतं. आमच्या मनात बाग मागे करायची होती, टेस्टनंतर ती पुढे आली. ज्याला ही टेस्ट माहीतच नाही अशा माणसाला हे काम देऊ नका, मग तो कितीही स्वस्त असो.

जागा ठरवताना पण नियम पाळले. घराच्या पायापासून निदान १० फूट लांब, सेप्टिक टँक आणि त्याच्या शोषखड्ड्यावर अजिबात नाही, विहिरीच्या कठड्याला लागून नाही, मोठ्या आंब्याच्या मुळांत खणायचं नाही, आणि तीव्र उतारावर तर नाहीच, कारण उतारात पाणी मुरवलं तर खालचा चिऱ्यांचा गडगा फुगून कोसळू शकतो. गोव्यात दर पावसाळ्यात कुठे ना कुठे गडगे आणि दरडी पडतातच, त्यामुळे हा मुद्दा त्यांनी स्वतःहून काढला हे मला फार बरं वाटलं.

आकाराचं गणित सांगते कारण इथेच बरेच जण फसवतात. आमचं अर्धं छप्पर, साधारण ८० चौरस मीटर, या बागेत सोडलंय. बाग १२ चौरस मीटरची, पाणी उभं राहायची खोली १५ सेंटीमीटर, म्हणजे एका वेळी १८०० लिटर मावतं. तासाला २ इंच मुरतं म्हणजे अजून ६०० लिटर. आता एका तासात ५० मिमी कोसळला, आणि जुलैत असा कोसळतोच, तर छपराचंच ४००० लिटर येतं. बाकीचं दीड हजाराच्या वर पाणी कुठे जाणार? म्हणून सांडवा. चिऱ्याचा कमी उंचीचा सांडवा, त्याच्या खाली दगड पसरलेले म्हणजे माती धुपणार नाही, तिथून गवताच्या चारीतून हळूहळू रस्त्याच्या गटारात. रेन गार्डनची पद्धत अमेरिकेत मेरीलँडच्या प्रिन्स जॉर्जेस काउंटीत १९९० च्या आसपास सुरू झाली, पण तिथे वर्षभरात मिळून हजार-अकराशे मिमी आणि तोही बाराही महिन्यांत वाटून पडतो, तिथली मापं उचलून इथे लावली तर पहिल्या मोठ्या सरीतच सगळं वाहून जाईल. या मुलाने सांडवा आधी आखला आणि बाग नंतर, आणि गोव्यात तीच बरोबर पद्धत आहे असं माझं ठाम मत.

बांधकाम दिवाळीनंतर कोरड्यात झालं. वरची माती बाजूला काढून ठेवली, खाली खडी, वर रेती, कुजलेलं शेणखत आणि तीच जुनी माती मिसळून भरली. नदीची रेती महाग, शिवाय ती काढण्यावरून एवढे वाद, म्हणून क्रशरची रेती घेतली पण ती दोनदा धुऊन घेतली, कारण त्यातली बारीक पूड राहिली तर ती चिखलासारखी बसते आणि मुरणंच बंद होतं. पाणी बागेत पडायच्या आधी चिऱ्यांची एक छोटी कुंडी केलीय, त्यात गाळ नि पाला अडतो. ही कुंडी फार म्हणजे फारच उपयोगाची निघाली, मिरगाच्या पहिल्या सरींना छपरावरचा सगळा कचरा आणि लाल चिखल तिथेच थांबला, फावड्याने काढून टाकला की झालं.

गाडीच्या वाटेचं काँक्रीट फोडून चाकांपुरते चिऱ्यांचे दोन पट्टे आणि मध्ये गवत. मला आधी भोकांचे पेव्हर ब्लॉक हवे होते, त्यांनी स्वतःच नको सांगितलं, कारण वरून लाल माती येते तिथे भोकं एका पावसात भरून जातात आणि मग ते साध्या फरशीसारखंच होतं, शिवाय ते दरवर्षी साफ करावे लागतात. विकायची वस्तू नको म्हणणारा माणूस मला तरी पहिल्यांदाच भेटला. खराब झालेले जुने चिरे सांडव्याच्या खाली वापरले, नवीन कमी आणले, बिल पण तेवढंच कमी.

आता नाराजीचा भाग. झाडं.

वाळा लावला, एकदम बरोबर, त्याची मुळं दोन-तीन मीटर खोल जातात, माती धरून ठेवतात आणि पाण्याला खाली वाट करून देतात. कर्दळ पण मस्त आली. कडेच्या उंचवट्यावर अबोली लावली, तिला पाणी साचलेलं आवडत नाही, ती कोरड्या कडेला खुश आहे, आईच्या केसांत रोज फुलं. पण मधोमध वेखंड लावलं आणि बाजूने नर्सरीतलं कार्पेट लॉन अंथरलं. वेखंड पाणथळ जागेचं झाड, पावसाळ्यात तरारलं आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये सगळं वाळून गेलं. लॉन तर जुलैतच कुजलं, वास यायला लागला. आपल्याकडे रेन गार्डनमधल्या झाडाला चार महिने पाय सारखे ओल्यात आणि आठ महिने जवळजवळ कोरडं असं दोन्ही सोसता यायला हवं, हे झाडांचं काम करणाऱ्याला माहीत असायलाच पाहिजे. तेरें, म्हणजे रानातलं अळू, लावलं असतं तर काय झालं असतं, पाऊस पडला की ते आपणहून उगवतं, उन्हाळ्यात कंदात झोपतं आणि भाजी पण होते! आता मी तेच लावलंय, सोबत कडेला हळद, तिला पाणी साचलेलं चालत नाही पण उन्हाळ्यात ती पण कंदात झोपते, आणि चवथीला पातोळ्यांना पानं घरची मिळतील. लॉनच्या जागी गावठी गवत आपलं आपण आलं. पैसे मात्र लॉनचे गेले ते गेलेच, अर्धे तरी परत द्यायला हवे होते. आणि त्यानंतर फोन केला की उद्या येतो, परवा येतो, ऐन पावसाळ्यात त्यांच्याकडे माणसं नसतात हे समजतं पण पहिल्या पावसातली एक व्हिजिट आधीच ठरलेली असताना ती उशिरा झाली. एक स्टार याचाच कापला.

दुसरी एक गोष्ट त्यांच्या बोलण्यातली पटली नाही. सुरुवातीला सांगताना "विहीर मेपर्यंत भरलेली राहील" असं म्हणाले होते. मे महिन्यात विहीर होती तेवढीच खाली गेली. यात कामाचा दोष नाही, वर लिहिलं तसं जांभ्यात मुरलेलं पाणी शेडेवरून सरकत खाली व्हाळाला जातं, एका घराच्या बागेने एका विहिरीची पातळी बदलत नाही. सगळ्या वाड्याने केलं, वरचा सडा, म्हणजे जांभ्याचं पठार, मोकळा राहिला, तर झरे जास्त दिवस वाहतील हे मात्र खरं आहे. लोकांना तेवढंच सांगावं, विहिरीचं आमिष दाखवू नये. त्यांना मी हे तोंडावर सांगितलंय.

डासांबद्दल सगळे विचारतात, शेजारच्या वहिनींनी तर खड्डा बघूनच काळजी सुरू केलेली, डेंग्यूची भीती आहेच सगळीकडे. डासाच्या अंड्यापासून उडणारा डास व्हायला साधारण आठवडाभर लागतो, आणि नीट केलेल्या बागेत पाणी एका दिवसाच्या वर राहतच नाही. आमच्याकडे रात्री भरलेलं पाणी बहुतेक वेळा सकाळी तळाला गेलेलं असतं, जुलै-ऑगस्टच्या झडीत जमीन भिजून गच्च असते तेव्हा थोडं रेंगाळतं पण तेव्हा वरून नवीन पाणी येऊन जुनं सांडव्यावरून जातच असतं. डास झाले ते शेजारच्या टायरमध्ये आणि आमच्याच टाकीच्या उघड्या झाकणाखाली, दोन्ही आता बघितलंय. पण तुमच्याकडे पाणी दोन दिवस तसंच राहत असेल तर समजा काहीतरी चुकलंय, टीमला बोलवा.

आणि मुख्य म्हणजे फरक पडला का? पडला. साध्या पावसात गेटाखालून पाणी जातच नाही. मोठ्या पावसात जातं, पण उशिरा, आणि लाल नाही, जवळजवळ स्वच्छ. खालच्या घरातल्या काकांनी आपणहून येऊन सांगितलं की यंदा परसातला गाळ उपसावा लागला नाही. मला हे विहीर भरण्यापेक्षा मोठं वाटतं.

याच टीमने आमच्या गल्लीसाठी पण एक आराखडा काढून दिलाय, फुकट, ते इथे लिहायलाच हवं. रस्त्याच्या कडेची झाडं असतात तिथे आळं रस्त्यापेक्षा उंच आणि भोवती सिमेंटचा कठडा, म्हणजे पाणी झाडाला वळसा घालून गटारात. त्यांचं म्हणणं, आळं रस्त्यापेक्षा खाली घ्या, कठड्याला मध्ये फट ठेवा, पाणी आत शिरू दे, भरलं की पुढच्या फटीतून बाहेर पडू दे. अमेरिकेत पोर्टलँडला सिस्कियू नावाच्या रस्त्यावर २००३ मध्ये हेच केलंय, रस्त्याची थोडी रुंदी घेऊन दोन्ही बाजूंना खोलगट बागा, त्याही फार मोठ्या नाहीत. आमच्या गल्लीत अशा तीन-चार जागा निघतात. पंचायतीकडे कागद द्यायचाय, गल्लीतल्या लोकांच्या सह्या गोळा करतोय.

मी रोज पणजीला कामाला जाते म्हणून हे जास्तच जाणवतं. जोराचा पाऊस आणि भरती एका वेळी आली की १८ जून नावाच्या रस्त्यावर पाणी, दुकानदार पायरीवर फळ्या लावून उभे. आल्तिनो टेकडीचं पाणी उतरून खाली येतं, खालचा भाग मुळातच सखल, सांतईनेजच्या खाडीतून ते मांडवीत जायचं तर भरतीला मांडवीच वर आलेली असते, मग पाण्याने जायचं कुठे. त्याच आल्तिनोच्या पायथ्याला बोका द व्हाका आणि मळा भागातला फोंत फिनिक्स हे झरे आहेत, म्हणजे टेकडीत पाणी मुरायचं आणि सावकाश बाहेर यायचं हे शहराने बघितलेलं आहे. आपल्या जुन्या लोकांनी खाजनं, म्हणजे खाडीकाठची बांध घातलेली शेतं, आणि मानशी, म्हणजे त्या बांधातले पाण्याचे दरवाजे, केल्या त्या पण भरती-ओहोटी बघूनच ना, ओहोटीला मानस उघडून पाणी बाहेर, भरतीला दार बंद, आणि मधल्या वेळेत पाणी थांबायला शेतं, पोय म्हणजे बांधाच्या आतली तळी, खारफुटी. ती थांबायची जागाच भराव टाकून बुजवत गेलो तर नुसती गटारं रुंद करून काय होणार, गटार रुंद केलं तरी भरतीला त्याचं तोंड पाण्याखालीच असतं. वर टेकडीवर आणि रस्त्यांच्या कडेला जेवढं तास-दोन तास अडवता येईल तेवढं अडवलं पाहिजे, म्हणजे ओहोटी लागेपर्यंत वेळ मिळतो.

पण हेही खरं की याला मर्यादा आहे, आणि त्या मुलाने ती स्वतःच सांगितली. चीनने २०१५ पासून स्पंज सिटी म्हणून शहरंच्या शहरं अशी करायला घेतली, तरी २० जुलै २०२१ ला चेंगचौ शहरात एका तासात २०१.९ मिमी पाऊस पडला आणि मेट्रोत पाणी शिरून माणसं गेली. असल्या पावसाला बागा आणि आळी पुरी पडत नाहीत, तिथे मोठे नाले, मोकळी पात्रं आणि वेळेवर इशारा हेच लागतं. बागांचा उपयोग रोजच्या, नेहमीच्या पावसाला, आणि तो पावसाळ्यात कितीतरी दिवस पडतो.

खर्चाचं बोलायचं तर बाग, सांडवा, कुंडी, गाडीची वाट, काँक्रीट फोडून नेणं सगळं मिळून लाखाच्या थोडं आत. सगळ्यात जास्त पैसे काँक्रीट फोडण्यात आणि तो राडारोडा उचलण्यात गेले, म्हणून ज्यांचं घर आत्ता बांधून होतंय त्यांनी अंगण काँक्रीट करायच्या आधीच यांना फोन करा, निम्म्याच्या आत काम होईल. मुरण्याच्या टेस्टचे वेगळे पैसे घेतात, पुढे काम दिलं तर बिलातून वजा करतात. ज्यांना एवढं जमणार नाही त्यांनी फक्त एक करा, पन्हळीचा पाइप काँक्रीटवर सोडलेला असेल तो माडाच्या नाहीतर केळीच्या आळ्यात वळवा, खाली दोन चिरे ठेवा म्हणजे खड्डा पडणार नाही, आणि आळं भिंतीपासून लांब असू दे. हा सल्ला पण त्यांचाच, पैसे न घेता दिलेला.

देखभाल फार नाही. पावसाआधी कुंडी आणि पन्हळी साफ करायच्या, सांडव्यावर पाला अडकू द्यायचा नाही, बागेत पाय ठेवून माती दाबायची नाही आणि वाळा वर्षातून एकदा कापायचा. वर्षभराचा मेंटेनन्स पण विकतात, तो मी घेतला नाही, गरज वाटली नाही.

बोलवणार असाल तर झाडांची यादी आधी लिहून घ्या आणि लॉन नको म्हणून स्पष्ट सांगा, पहिल्या पावसातल्या व्हिजिटचे पैसे शेवटपर्यंत हातात ठेवा. आणि मे महिन्यात घाईघाईने नको, तेव्हा ते बुक असतात आणि कोरड्या अंगणात पाण्याची वाट दिसत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये पाऊस लागलेला असताना बघायला बोलवा, काम दिवाळीनंतर करून घ्या.